आत्याच्या हातातली लाइन

घरात एकच वायर आली होती, तेव्हाची ही गोष्ट. आता ज्याचं त्याचं इंटरनेट ज्याच्या त्याच्या खिशात असतं आणि कुणाला कुणाकडे काही मागावं लागत नाही. त्या दोन-अडीच वर्षांत मात्र त्या घरातल्या ज्याला बाहेरच्या जगाशी काही काम असेल, त्याला आधी आत्याच्या खोलीत डोकवावं लागे. नुसतं डोकावून भागत नसे, जरा लाडीगोडीही लावावी लागे.

त्याचं असं झालं. कंपनीच्या माणसाने वायर आणून सोडली ती खालच्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खोलीत, कारण घरातला एकुलता एक कॉम्प्युटर तिथे होता. ती खोली आत्याची. घरभर वाय-फाय फिरवणारी पेटी पहिल्याच महिन्यात विजेच्या झटक्याने जळाली. मोबाइलची रेंज म्हणाल तर गच्चीच्या एका कोपऱ्यात येई, तीही मान तिरकी करून उभं राहिलं तर. आत्याचा पुतण्या तेव्हा नोकरीसाठी परगावी निघाला होता. बॅगा भरता भरता त्याने त्या जुन्या कॉम्प्युटरचाच हॉटस्पॉट करून टाकला.

"तात्पुरती सोय आहे गं आत्या," तो म्हणाला. "पुढच्या खेपेला नवीन पेटी आणतो."

घरातली तात्पुरती सोय किती वर्षं टिकते, हे घर चालवणाऱ्या माणसाला सांगायला नको.

जाता जाता त्याने आणखी एक गोष्ट केली. एक छोटासा प्रोग्राम बसवून दिला. पडद्यावर घरातल्या सगळ्या फोनांची यादी दिसायची आणि प्रत्येकासमोर दोन पट्ट्या असायच्या. एक येणाऱ्याची, एक जाणाऱ्याची. माउसने पट्टी ओढायची, खाली 'लागू करा' असं बटण होतं ते दाबायचं, की त्या फोनला तेवढाच वेग मिळणार. "बाबा दिवसभर व्हिडिओ बघतात, त्यांना आवळ थोडं. नाहीतर बाकीच्यांचं काही चालायचं नाही," एवढीच त्याची सूचना होती. आपण कुणाच्या हातात काय देतो आहोत, याची त्या पोराला कल्पना नव्हती.

आत्या एकवीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, परगावचे कॉल हाताने जोडणाऱ्या ट्रंक बोर्डावर होती.

तिने ती यादी पाहिली आणि तिला एकदम भरून आलं. खुर्ची ओढून ती तिथे बसली ती चहा गार होईपर्यंत उठली नाही. समोर एकाखाली एक ग्राहक, प्रत्येकाची वेगळी लाइन, आणि कुणाला किती द्यायचं ते आपल्या हातात! बोर्ड बंद झाला, तारा निघाल्या, तिच्या हेडफोनचं काय झालं ते कुणी सांगितलंसुद्धा नाही. शेवटची काही वर्षं तिने तक्रारींच्या खिडकीवर काढली आणि निवृत्त झाली. इतक्या वर्षांनी कुणीतरी तिला परत ड्यूटीवर बोलावलं होतं.

यादीत फोनांची नावं म्हणजे नुसते आकडे आणि इंग्रजी अक्षरं. तिने ती सगळी बदलली. दादाच्या फोनचं नाव 'घड्याळजी', कारण दादाने चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती आणि आता दिवसभर तो दूरदूरच्या लोकांनी घड्याळं उघडल्याचे व्हिडिओ बघून त्यांना घरबसल्या रागवत असे. वहिनीच्या टॅबचं नाव 'स्वयंपाकघर'. माडीवरच्या खोलीतल्या पुतणीचं नाव 'भिंगरी'. ते तिचं लहानपणापासूनचंच नाव होतं, एका जागी ठरेल तर शपथ.

मग सुरू झाला कारभार.

"ऑपरेटर," दादा व्हरांड्यातून ओरडायचा, "व्हिडिओ अडकलाय, नुसतं चाक फिरतंय!"

"फिरू दे. तुझी वेळ साडेतीनला."

"अगं, हा माणूस चिमट्याऐवजी बोटांनी स्प्रिंग काढतोय. मला बघू तरी दे, काय वाटोळं करतोय ते."

"तू बघितल्याने त्याची बोटं सुधारणार आहेत का?"

वहिनी मात्र हुशार. ती कधी ओरडायची नाही. चहाचा कप घेऊन यायची, टेबलावर ठेवायची आणि सहज बोलावं तसं म्हणायची, "मालिकेचा आजचा भाग जरा महत्त्वाचा आहे म्हणतात." आत्या गंभीर चेहऱ्याने स्वयंपाकघराची पट्टी बोटभर सरकवायची. दादा याला लाच म्हणत असे. आत्या याला ग्राहकाची नड ओळखणं म्हणे.

दोन पट्ट्यांमधला फरक तिने स्वतःच शोधून काढला होता. पुतण्याने समजावलं नव्हतं. सगळ्यांना येणारं हवं असतं, जाणाऱ्याकडे कुणी बघत नाही. पण व्हिडिओ कॉलवर बोलायचं तर आपला चेहरा आणि आवाज बाहेर जायला पाहिजे की नाही? "नुसतं ऐकायलाच लाइन लागते असं वाटतं लोकांना," ती भिंगरीला सांगायची. "बोललेलं जाणार कुठून?" भिंगरी हसायची. तिचं सगळं कामच ते होतं. ऐकू न येणाऱ्या लहान मुलांना बोलायला शिकवायचं शिक्षण तिने घेतलं होतं, आणि संध्याकाळी ती आत्याच्या पलंगावर आडवी पडून दिवसभरातल्या मुलांच्या गोष्टी सांगे. बदल्यात तिला बोर्डावरच्या गोष्टी लागत.

आणि आत्याकडे त्या खंडीभर होत्या. चौदा बायका ओळीने बसलेल्या, कानाला हेडफोन, समोर छिद्रांची भिंत, मांडीवर गुंडाळीतून वर येणाऱ्या प्लगच्या दोऱ्या. लग्न ठरल्याच्या बातम्या, परीक्षेचे निकाल, कुणी गेल्याचे निरोप, सगळं त्या दोऱ्यांतून जायचं. कॉल जोडला की घड्याळ लावायचं. तीन मिनिटं झाली की कळ दाबून हळूच लाइनवर यायचं, चालू आहे ना ते ऐकायचं आणि विचारायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायची?" नवऱ्याबायकोचं बोलणं असेल तर तेवढ्यात दोघंही गप्प व्हायची. रडणं ऐकू आलं तर आत्या काही न विचारता कळ सोडून द्यायची आणि सुपरवायझर बाईंकडे पाठ फिरवून बसायची.

"पण एकदाही चालू कॉल तोडला नाही मी," ती नेहमी म्हणायची. "एकवीस वर्षांत एकदाही नाही. आणि आमच्या चुकीने कुणाचा तुटलाच, दुसऱ्या कुणा बाईच्या हातून, तर ज्या बाईने तोडला तिनेच परत लावून द्यायचा. रांगेत सगळ्यांच्या पुढे. ग्राहकाला सांगायचं, चूक आमच्याकडची आहे. तो आमचा नियम होता."

"सरकारी नियम?" भिंगरीने एकदा विचारलं.

"छे! सरकारला काय पडलंय. आम्हा बायकांचा."

तीन मिनिटांची ती सवय तिच्या हाडात मुरली होती. भात शिजत असला तरी ती तीन मिनिटांनी झाकण उचलून बघायची, वहिनी वैतागायची. कॉम्प्युटरसमोर बसली की तेच. दर तीन मिनिटांनी यादीवर नजर, इकडचं थोडं कमी, तिकडचं थोडं जास्त, 'लागू करा'. हात तिथे जायचाच.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात भिंगरीला एका शाळेचं बोलावणं आलं. शाळा दूर होती, रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर. ऐकू न येणाऱ्या मुलांची निवासी शाळा, आणि अशी शाळा की शिकत असल्यापासून भिंगरी तिचं नाव घेत होती. मुलाखत व्हिडिओवर होती. नुसती प्रश्नोत्तरं नव्हती. त्यांच्याकडच्या सहा वर्षांच्या एका मुलीला पडद्यावरून पंधरा-वीस मिनिटं शिकवून दाखवायचं होतं. मुलगी अजून एकही अक्षर बोललेली नव्हती.

आठवडाभर माडीवर तयारी चालली होती. कागदाची बारीक पट्टी ओठांसमोर धरायची आणि 'प' म्हणायचं. पट्टी फडफडते. मुलाला ऐकू येत नाही, पण पट्टी हललेली दिसते, मग ते स्वतः हलवायला बघतं, आणि तसा 'प' सापडतो. भिंगरीने घरातल्या प्रत्येकाला पकडून 'प' म्हणायला लावलं. दादाची मिशीच पट्टीच्या आधी हलायची.

आत्या सगळ्यांबरोबर हसत होती, पण तिच्या मनात एकच होतं. मुलगी जाणार. ही नोकरी लागली की भिंगरी जाणार, आणि मग संध्याकाळी पलंगावर कोण आडवं पडणार? लग्न नाही, मूल नाही, भावाच्या घरात एक खोली, एवढा तिचा संसार. त्या संसारातली सगळी बडबड भिंगरीची होती. आणि तरी तिला मनापासून वाटत होतं की मुलीला ती शाळा मिळावी. दोन्ही खरं होतं आणि दोन्हींचा एकमेकांशी मेळ बसत नव्हता.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी अकराच्या आधी तिने जय्यत तयारी केली. दादाला ताकीद दिली, वहिनीला विनंती केली, दोघांच्या पट्ट्या जवळजवळ शून्यावर आणल्या. भिंगरीची येणारी आणि जाणारी दोन्ही भरपूर वाढवली. अकराला माडीवरून "नमस्कार!" असा भिंगरीचा आवाज आला आणि आत्या खुर्चीत ताठ बसली. पडद्यावर भिंगरीच्या नावासमोरचे आकडे नाचत होते. लाइन चालू होती.

तीन मिनिटांनी तिने पाहिलं. आकडे ठीक होते, पण अजून थोडं दिलं तर काय बिघडलं? तिने पट्टी जरा पुढे ओढली आणि बटण दाबलं. आणखी तीन मिनिटांनी, आणखी जरा. दादाला ठेवलेलं चिमूटभरसुद्धा तिने काढून पोरीला दिलं. हातचं राखून काही ठेवायचं नाही, असं तिने ठरवलंच होतं. अकरा वीसपर्यंत तिने सहा वेळा भिंगरीच्या ताटात वाढलं होतं.

साडेअकराला भिंगरी जिना उतरून खाली आली. तिचा चेहरा पाहून वहिनी हातातलं काम टाकून उठली.

"काय झालं गं?"

"तुटत होतं," भिंगरी म्हणाली. "सारखं तुटत होतं, आई. ती मुलगी पट्टीजवळ तोंड आणायची, ओठ मिटायची, आता म्हणणार, आणि मी गायब! परत जोडलं जाईपर्यंत ती दुसरीकडे बघायला लागलेली. परत पहिल्यापासून. सहा वेळा. शेवटी ती रडायला लागली. तिला वाटलं असणार, मीच तिला सोडून जातेय. घेऊन गेल्या तिला. मग मॅडम म्हणाल्या, थांबू या आपण."

आणि ती खालच्याच पायरीवर बसून रडली.

वहिनीने कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आत्यानेही केला, सगळ्यांहून मोठ्या आवाजात. मेले वायर टाकतात आणि झोपा काढतात, उद्याच तक्रार लिहिते, तक्रारी कशा लिहायच्या मला चांगलं ठाऊक आहे. तेवढ्यात दादा व्हरांड्यातून आत आला. चोरी पकडली जाणार हे माहीत असूनही त्याला राहवलं नाही.

"मी काही बघत नव्हतो हं. म्हणजे बघत होतो, एवढंसं. पण एक गंमत लक्षात आली. माझंही तुटत होतं, आणि अगदी नेमाने. तीन मिनिटांनी एकदा. मी घड्याळ लावून बघितलं. अकरा तीन, अकरा सहा, अकरा नऊ. बिघाड झाला तर तो असा वेळ सांभाळून होत नाही कधी."

वहिनी त्याच्यावर ओरडली, की पोरगी रडतेय आणि तुम्हाला गमती सुचतात. भिंगरीचं लक्षच नव्हतं. आत्याने मात्र ते आकडे मनात पुन्हा म्हटले.

ती आपल्या खोलीत गेली. जाताना टेबलावरचा दादाचा फोन उचलून घेतला. दार लोटलं. डाव्या हातात फोन धरला, उजव्या हाताने माउस. यादीतली कुठलीतरी पट्टी केसभर सरकवली आणि 'लागू करा' दाबलं.

फोनवरची वाय-फायची खूण गेली. आत्या मनात मोजत राहिली. अकरा आकडे झाले तेव्हा ती परत आली.

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा गेली.

प्रत्येक वेळी बटण दाबलं की तो प्रोग्राम सगळ्यांना एकदम हाकलून देत होता आणि नव्या मापाने परत आत घेत होता. तिच्या कॉम्प्युटरला वायर थेट होती, त्यामुळे तिला स्वतःला कधी काही जाणवलंच नव्हतं. दादाचे व्हिडिओ आणि वहिनीची मालिका पुढचं थोडं आधीच साठवून ठेवतात, अकरा सेकंदांनी त्यांचं फारसं अडत नाही. अडतं ते समोरासमोर बोलणाऱ्याचं. दीड वर्ष भिंगरीचे मैत्रिणींशी कॉल मध्येच तुटायचे आणि आत्या तिच्याबरोबर कंपनीला शिव्या घालायची. एकवीस वर्षांत एकही चालू कॉल न तोडलेल्या बाईने आज एका सकाळी सहा तोडले होते. आणि प्रत्येक वेळी पोरीला जास्त द्यायला गेली होती.

ती बराच वेळ तिथे बसून राहिली. बाहेर वहिनी भिंगरीची समजूत घालत होती. कुणाला काही कळलेलं नव्हतं. दादाच्या डोक्यात तीन मिनिटांचं कोडं संध्याकाळपर्यंत राहील, मग तो विसरेल. कंपनीवर खापर फुटलंच होतं. आत्या मूग गिळून बसली असती तर भिंगरी आठ दिवस रडली असती, मग इथेच कुठेतरी नोकरी बघितली असती, आणि संध्याकाळच्या गोष्टी तशाच चालू राहिल्या असत्या. हा विचार तिच्या मनात आला. आला नाही असं ती पुढे कधीही म्हणाली नाही.

मग ती उठली.

"भिंगरे," ती दारातून म्हणाली, "लाइन मी तोडत होते."

तिने सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. बटण, अकरा सेकंद, तीन मिनिटं. भिंगरी पायरीवरून वर बघत राहिली. रडणं थांबलं होतं, आणि आत्याला वाटलं त्यापेक्षा रडलेली परवडली असती.

"आत्या," ती हळू आवाजात म्हणाली, "मी जाऊ नये म्हणून?"

"अगं काय बोलतेस तू!" वहिनी कडाडली.

"बोलू दे तिला," आत्या म्हणाली. "नाही गं. मला ठाऊक नव्हतं की तुटतंय. देवाशपथ नव्हतं. तुला आणखी द्यायला गेले मी. पण तू जाऊ नयेस असं वाटतं ते खरं आहे. रोज वाटतं. बोर्ड गेला तेव्हासुद्धा मला एवढी भीती वाटली नव्हती, तेव्हा घरी आले की तू होतीस. म्हणून तू विचारलंस त्यात तुझं काही चुकलं नाही."

आत्या उत्तराची वाट बघत थांबली नाही. "शाळेचा नंबर दे," ती म्हणाली.

"कशाला?"

"ज्या बाईने तोडला तिनेच परत लावून द्यायचा."

हॉलमध्ये जुना वायरचा फोन अजून होता. आता त्यावर चुकीचे नंबरच येत. आत्याने पदर खोचला, रिसीव्हर उचलला आणि नंबर फिरवला. पलीकडे कुणी कारकून बाई होत्या. मॅडम कामात आहेत, नंतर करा, म्हणाल्या. आत्या म्हणाली, मी थांबते. त्या म्हणाल्या, वेळ लागेल. आत्या म्हणाली, लागू द्या, फोन ठेवू नका. कुणाला फोनवर कसं थोपवून धरतात आणि कसं टाळतात, हे सगळं तिने एकवीस वर्षं केलेलं होतं. तिला कोण टाळणार? बावीस मिनिटं ती उभी होती. वहिनीने खुर्ची आणली तरी बसली नाही.

शेवटी पलीकडून खणखणीत आवाज आला. "मुख्याध्यापिका बोलतेय."

"नमस्कार, ट्रंक एक्स्चेंजमधून बोलतेय," आत्या म्हणाली, आणि जीभ चावली. दादाने तोंडावर हात धरला.

"कुठून?"

"माफ करा. जुनी सवय. सकाळी ज्या मुलीची मुलाखत तुटली तिची मी आत्या. बाई, आधी एवढंच ऐकून घ्या, चूक आमच्या एक्स्चेंजची आहे, ग्राहकाची नाही. म्हणजे माझी. मुलीची काही चूक नाही, कंपनीची नाही, तुमच्याकडचीही नाही. घरातल्या इंटरनेटचं वाटप मी करते. दर तीन मिनिटांनी मी ते हलवत होते आणि त्याने कॉल तुटत होता. मला ते आज, आत्ता कळलं. तुम्ही तिला नापास केलंत तर माझ्या चुकीसाठी कराल. तेवढं करू नका. आणि त्या लहान मुलीला कुणीतरी सांगा, की तिला सोडून कुणी गेलं नव्हतं."

बराच वेळ पलीकडे शांतता होती. लाइन चालू आहे हे आत्याला कळत होतं. त्या शांततेचा आवाज वेगळा असतो.

"आमच्या नोंदीत," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मी एक लिहून ठेवलंय. सहा वेळा तुटलं आणि सहाही वेळा तुमची मुलगी पहिल्यापासून, तशीच हसत सुरू झाली. मी आयुष्यात इतके शिक्षक बघितलेत, दुसऱ्या वेळेलाच कपाळावर आठी येते. पण बाई, मूल रडलं. ते मला पुसता येत नाही. शुक्रवारी अकराला परत घेऊ. तीच मुलगी असेल. ती पडद्याकडे यायला तयार झाली तर. हमी देत नाही."

"नकोच हमी," आत्या म्हणाली. "लाइन मिळाली, पुष्कळ झालं."

रिसीव्हर ठेवल्यावर मग कुठे ती खुर्चीत बसली.

शुक्रवार उजाडेपर्यंत घरात शहाणपणाला ऊत आला होता. वहिनीचं म्हणणं, भिंगरीने सरळ मैत्रिणीकडे जावं, तिच्याकडे चांगलं इंटरनेट आहे. दादाचं म्हणणं, गच्चीच्या कोपऱ्यात छत्री लावून बसावं. आत्यालाही वाटत होतं की मैत्रिणीकडेच बरं. तिने तसं म्हटलंही.

"नाही," भिंगरी म्हणाली. तीन दिवस ती आत्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. "आत्या लाइन देणार असेल तर इथूनच."

आत्या उठून आपल्या खोलीत गेली, आणि तिथे थोडी रडली.

गुरुवारी संध्याकाळीच तिने पट्ट्या लावल्या. एकदाच. 'लागू करा' दाबलं, फोनवरची खूण परत आल्याची खात्री केली. शुक्रवारी सकाळी अकराला पंधरा मिनिटं कमी असताना तिने कॉम्प्युटरचा माउस उपटला, वायर गुंडाळली आणि दादाच्या हातात दिला.

"हा ठेव तुझ्याकडे. मी मागितला तरी देऊ नकोस."

"आणि हट्ट केलास तर?"

"तर घड्याळ उघडताना स्प्रिंग उडून डोळ्यात गेली होती, ते आठव. तेव्हापासून असतोस तसा सावध राहा."

मग ती माडीच्या जिन्यात, भिंगरीच्या बंद दाराबाहेर, वरून दुसऱ्या पायरीवर जाऊन बसली. हातात करायला काही नव्हतं. आत भिंगरी "नमस्कार" म्हणाली. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण तीन मिनिटं केव्हा होतात हे तिला घड्याळाशिवाय कळायचं. झाली. तिचा हात आपोआप हलला आणि ती त्याच्यावर दुसरा हात ठेवून बसली. सहा झाली. नऊ झाली. आतला आवाज अखंड चालू होता. भिंगरी हळू, स्पष्ट बोलत होती, मध्येच थांबत होती, मध्येच फू करत होती. पलीकडून काहीच येत नव्हतं. बारा झाली. कुणीतरी पलीकडे खुर्ची सरकवली.

आणि मग एक बारीक, कोरडा आवाज आला. ओठ उघडल्याचा. "प".

दुसऱ्यांदा आला, जरा मोठा. "प. प." मग पलीकडे दोन-तीन बायका एकदम हसल्या आणि भिंगरीही हसली. लहानपणी गोल गोल फिरून पडल्यावर हसायची तशी. ते ऐकताच आत्याला कळलं की झालं. ही आता इथे राहत नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते कशाचं आहे हे तिने शोधत बसायचं नाही असं ठरवलं.

आत बराच वेळ बोलणं चाललं. आता शब्द नीट कळत नव्हते. मग पावलं वाजली आणि दार उघडलं. भिंगरी दारात उभी होती. हातात फोन छातीशी दाबून धरलेला, पडदा आत वळवलेला, आवाज बंद केलेला.

"आत्या," ती कुजबुजली, "ते विचारताहेत, कधी रुजू होशील म्हणून. मी म्हटलं, घरी विचारून सांगते." ती थांबली. तिचे डोळे आत्याच्या चेहऱ्यावर होते. "पावसाळ्यानंतर म्हटलं तरी चालेल त्यांना. काय सांगू?"

खाली हॉलमध्ये दादा आणि वहिनी जिन्याशी येऊन उभे होते. पावसाळ्यानंतर म्हणजे आणखी चार महिने. चार महिन्यांच्या संध्याकाळी. नुसतं हो म्हणायचं होतं.

आत्याने पदराने तोंड पुसलं.

"एक तारखेपासून सांग," ती म्हणाली. "ती पोर आज बोलायला लागलीय, तिला चार महिने थांबवू नकोस. जा, आत जा. लाइन चालू आहे."